आष्टीची बातमी कुठल्या पानावर लावायची?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे. अविनाश साबळे तिथला. आईवडील वीटभट्टीवर राबलेले, शाळा लांब आणि रस्ता रोजचा पायाखालचा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये, आणि शर्यतींच्या वाटेला लागला तोही तिथेच. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्यपदक घेतलं. त्या शर्यतीची तिन्ही पदकं १९९८पासून दर वेळी केनियाचेच धावपटू घेऊन जात होते. पहिल्या आलेल्या केनियन धावपटूत आणि अविनाशमध्ये फरक होता तो सेकंदाच्या विसाव्या भागाचा. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवलं. त्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर बीडचं नाव ठळक अक्षरांत झळकत होतं.

त्याआधी, २०१९च्या उन्हाळ्यात, बीडचं नाव वेगळ्याच पानावर होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या आल्या, विधिमंडळात गदारोळ झाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया होऊन गेलेली होती आणि त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या.

एक बातमी क्रीडा पानावर, दुसरी आरोग्याच्या. वाचणाऱ्याने या दोन्ही एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात अशी सोय वर्तमानपत्रात नसते. मी मुक्त पत्रकार म्हणून गेली काही वर्षं मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या गावांतून फिरते, लिहिते. आणि माझं म्हणणं इतकंच आहे की ही एकच बातमी आहे. ज्या घरात जमीन थोडी आणि तीही कोरडवाहू, जिथे शिक्षण मध्येच सुटतं, तिथे हातात भांडवल म्हणून उरतं ते शरीर. आई ते उसाच्या फडात खर्च करते, पोरगी ते मैदानावर लावते. दोघींच्या शरीराला काय खायला मिळतं, किती विश्रांती मिळते, दुखलंखुपलं तर कोण बघतं, हे प्रश्न सारखेच आहेत. आपण मात्र एकीला पीडित म्हणतो आणि दुसरीला जिद्दीची कहाणी म्हणतो, आणि दोघी एकाच घरातल्या असू शकतात हे आपल्या डोक्यातही येत नाही.

संपादकांना विषय सुचवला की पहिला प्रश्न येतो, हे नेमकं कशात जाईल? आरोग्य पुरवणीत, की क्रीडेत, की ‘ग्रामीण’मध्ये? प्रश्न चुकीचा नाही, पानं त्यांना भरायची असतात. पण त्या प्रश्नाचं उत्तर देता देता विषयाचे तुकडे पडतात. दुसरी अडचण आवृत्त्यांची. जिल्ह्याजिल्ह्याच्या आवृत्त्या निघायला लागल्या तेव्हा गावाला स्वतःचं पान मिळालं म्हणून आनंद झाला, तो खराही होता. पण त्याबरोबर आष्टीची बातमी बीडच्या आवृत्तीत अडकली. आष्टीच्या बायका जिथे ऊस तोडायला जातात त्या सांगली-कोल्हापुरातल्या वाचकाला ती दिसेना. ज्याच्या चहातली साखर त्या बायकांच्या हातून जाते त्या पुण्या-मुंबईच्या वाचकाला तर मुळीच दिसेना. आष्टीचं दुखणं आष्टीकरांनीच वाचायचं. त्यांना ते वाचून नवीन काय कळणार? ते रोज जगतातच की.

ऊसतोडीचा हिशेब कळल्याशिवाय २०१९ची बातमी कळत नाही, म्हणून तो थोडा सांगते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगाम लागण्याआधी मुकादम, म्हणजे कारखान्याला टोळी पुरवणारा कंत्राटदार, जोडीला उचल देतो, एकरकमी. त्या पैशात घरातलं लग्न, दवाखाना, जुनं देणं भागतं. मग उचल फेडायची ती हंगामभर ऊस तोडून, टनाच्या दराने. जोडीतलं एक जण जरी बसलं तरी खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढतात. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे. त्यात फडावर पाणी नाही, आडोसा नाही. रात्री पालात झोपायचं, पहाटे अंधारात उठून भाकरी थापायच्या, दिवस उगवायच्या आत फडात पोचायचं. उसाची मोळी पुरुषाच्या डोक्यावर जेवढी तेवढीच बाईच्या डोक्यावर, आणि ती घेऊन ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. बाळंतपणानंतर सव्वा महिनाही न झालेली बाई हे काम करताना मी पाहिली आहे.

मग अंगावरून पांढरं जायला लागतं. ओटीपोट दुखतं, कंबर धरते. बाई ते अंगावर काढते, कारण सरकारी दवाखान्याची वेळ आणि फडाची वेळ एकच. अगदीच सहन होईना तेव्हा तालुक्याच्या गावी खाजगी दवाखाना. तिथे सोनोग्राफी होते आणि सांगितलं जातं, पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर कोण थांबेल? पैसे मुकादमच देतो. ते पुढच्या उचलीत धरले जातात. म्हणजे ज्या कामाने दुखणं आलं त्याच कामाने त्या दुखण्याचं बिल फेडायचं. बरोबर अंडाशयंही काढली गेली असतील तर तिशीतच पाळी जाण्याची सगळी लक्षणं सुरू होतात. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. ज्या शरीराने मोळी उचलायची, त्याचीच हाडं.

२०१९नंतर बीडमध्ये नियम झाला की अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. नियम चांगला आहे. बातमी मात्र तिथे संपली. ज्यांची पिशवी आधीच गेली त्या बायकांची हाडं आता कशी आहेत, त्या अजून कोयत्यावर जातात का, हे विचारायला परत जावं लागतं. आणि परत जाण्याला बातमीचं मूल्य नसतं असं मला अनेकदा ऐकवलं गेलं आहे. मला ते पटत नाही. पहिल्यांदा जाणं कुणालाही जमतं. आकडा समोर आला, खळबळ झाली, सगळे जातात. गावातली माणसं खरं बोलायला लागतात ती दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला, जेव्हा तुमच्या हातात कॅमेरा नसतो आणि तुम्हाला कुठली घाई नसते.

कृष्णाकाठच्या एका फडावर अशीच एक बाई भेटली. आष्टीकडचीच. पहिल्या संध्याकाळी ती चुलीपुढे, नवरा बाजेवर, मुकादम समोर मोटारसायकलवर बसलेला. मी काही विचारलं की ती म्हणायची, “काही नाही ताई, कंबर दुखती, ती तर समद्यांचीच दुखती.” उचलीचा आकडाही नवऱ्यानेच सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती, गावातल्या गोठ्यांना विकायला. तो पैसा बाईच्या हातातला असतो. तिथे पुरुष कुणी नव्हतं. मी पेंढ्या रचायला लागले तशी ती बोलायला लागली. तिने मला मोळी उचलून दाखवली. डोक्यावर चुंबळ, एक गुडघा जमिनीला टेकलेला, आणि मग सगळा भार डाव्या अंगावर घेत ती उठली. उजव्या बाजूने उठलं की टाक्यांपाशी ओढ बसते म्हणाली. ऑपरेशनला बरीच वर्षं झाली होती. त्या एका बाजूने उठण्यामुळे तिची चालच बदललेली होती, डावा खांदा खाली आलेला. कमरेच्या पिशवीत दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी होती. सकाळी एक, दुपारी एक, आणि ट्रॉली रात्री भरायची असेल तर तेव्हा एक. हे तिने कुणा डॉक्टरला सांगितलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं कुणी.

तीस वर्षं आधी हे विचारलं गेलं होतं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत साडेसहाशे बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा शोधनिबंध आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्यांतल्या फारच थोड्या जणींची त्याआधी कधी तपासणी झाली होती. जगभरातल्या आरोग्यतज्ज्ञांनी ते वाचलं. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यापलीकडे बाईच्या आरोग्याकडे पाहायला हवं, हा विचार त्यातून बळावला. पण गडचिरोलीत जे १९८९ला माहीत झालं ते बीडच्या फडावर २०१९पर्यंत पोचलं नाही. पांढरं जाण्यावर साध्या औषधांचा उपचार असू शकतो हे त्या बाईला तिशीत कुणी सांगितलं असतं, तर तिच्या पोटावर ते टाके पडले नसते. ही मधली तीस वर्षं मला फार अस्वस्थ करतात. त्या काळात आपल्या भाषेत किती पुरवण्या निघाल्या, किती आरोग्य विशेषांक निघाले.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. विंचूदंशाने कोकणात माणसं मरत होती, लहान मुलं जास्त. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी रुग्णाच्या खाटेपाशी बसून रात्रभर नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपून ठेवला. त्या टिपणांतून १९८२ साली त्यांचं लेखन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि विंचूदंशाचे मृत्यू खूपच कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी डॉक्टर नाही, पण खाटेपाशी बसून राहणं आणि जे दिसतं ते नीट टिपणं, हे माझ्या कामातही तितकंच लागतं. लांबून आलेला मोठा प्रश्न फडावर घेऊन गेलं की उत्तरंही मोठमोठी आणि पोकळ मिळतात. पट्टीत गोळ्या किती उरल्यात, हे विचारलं की सगळा दिवस उलगडतो.

पेंढ्या बांधून झाल्यावर तिने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पहाटेचा अंधूक उजेड, तालुक्याचं मैदान, आणि एक मुलगी धावतेय. “ही माझी पोरगी. पळती. पोलिसात जायचं म्हंती.” तेवढं सांगताना तिचा चेहरा पार बदलला. पोरगी आजीपाशी राहून शिकलेली, हंगामात आईबाप सहा महिने बाहेर. आता तालुक्याला एका अकॅडमीत होती.

भरतीची पोरं हा आपल्या ग्रामीण महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा खेळ आहे, असं मी म्हणेन. त्याला खेळ म्हणून कुणी मोजत नाही एवढंच. पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर जा. रस्त्याच्या कडेने रांग लागलेली असते, अकॅडमीचं नाव छापलेले टी-शर्ट, मागून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यात पळणारे पाय. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. सेकंदा-सेकंदावर गुण कापले जातात, आणि एका जागेमागे इतकी पोरं असतात की अर्ध्या गुणावर घराचं नशीब पालटतं. स्टीपलचेसच्या धावपटूलाही सेकंदाचे भाग मोजावे लागतात, पण त्याच्यामागे प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, फिजिओ असतो. इथे फौजेतून निवृत्त झालेला एक सर असतो, हातात शिट्टी, आणि गळ्यात स्टॉपवॉच.

मी त्या मैदानावर गेले. चुन्याने आखलेला चारशे मीटरचा गोल, आठवडी बाजाराच्या दिवशी तो अर्धा पुसला जायचा आणि सर पुन्हा आखायचे. ती मुलगी पहिली फेरी झकास पळायची. पाय हलके, हात बरोबर. दुसऱ्या फेरीच्या अर्ध्यावर तिचा रंग उतरायचा, ओठ पांढरे पडायचे, एक हात कमरेवर जायचा. सर म्हणायचे दम कमी पडतोय, सराव वाढव. ती सराव वाढवायची. वेळ तसाच राहायचा. तिच्या बरोबरीच्या आणखी दोघीतिघींचंही हेच.

गावातल्या आशाताईने एके दिवशी या मुलींना उपकेंद्रात नेऊन हिमोग्लोबिन तपासलं. बहुतेक सगळ्यांचंच कमी, तिचं तर बरंच कमी. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचं आढळलं आहे. हा आकडा सगळ्यांनी कुठेतरी वाचलेला असतो. पण ८०० मीटरच्या शर्यतीत तो आकडा डोळ्यांना दिसतो. स्नायूंपर्यंत प्राणवायू नेतं ते हिमोग्लोबिन. तेच कमी असेल तर शेवटच्या दोनशे मीटरला पाय येणार कुठून? सराव वाढवून ते भरत नाही, उलट शरीर आणखी ओढलं जातं. पहाटे चहा आणि खारी खाऊन ती पोर पळत होती. दुपारी मेसचं जेवण, पातळ वरण आणि भात. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, हेही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला तिथे दिसली. मैदानावर स्वच्छतागृह नव्हतं. मुलगे भिंतीकडे जायचे. मुली पहाटेपासून पाणीच प्यायच्या नाहीत. तहान लागली तरी घोटभर. तिची आई फडावर हेच करते. दिवसभर पाणी टाळायचं, कारण आडोसा नाही. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग दोघींनाही वारंवार व्हायचा, एकीला उसात आणि एकीला खेळात.

सर चांगले होते, म्हणजे ऐकणारे होते. आशाताईने समजावल्यावर त्यांनी मुलींना लोहाच्या गोळ्या नियमित घ्यायला लावल्या, जंताचं औषध दिलं गेलं, खारीच्या जागी भिजवलेले हरभरे आणि गूळ-शेंगदाणे आले, लिंबू आलं. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून पहाटेसाठी स्वच्छतागृहाची किल्ली मिळवली. त्या किल्लीवरून थोडी कुरबुर झाली, पण ती मिळाली. काही महिन्यांनी शेवटच्या दोनशे मीटरला तिचा हात कमरेवर जाईनासा झाला. माझ्या दृष्टीने ही पहिल्या पानाची बातमी होती. एका आशाताईने, एका सरांनी आणि एका किल्लीने तालुक्यातल्या मुलींचा वेळ सुधारला. ज्याला विचारलं त्याने सांगितलं, हे क्रीडेत बसत नाही, पदक कुठे आहे? आणि आरोग्यात बसत नाही, रोगी कुठे आहे?

पदक आलं की सगळे येतात. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. १९८४ला पी. टी. उषा पोचल्यानंतर ट्रॅकवरच्या अंतिम शर्यतीत गेलेली ती पहिली भारतीय महिला. तेव्हा माणच्या दुष्काळावर रकानेच्या रकाने लिहून आले. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, आणि महिला संघाच्या प्रियांका इंगळेचं मूळ पुन्हा बीड जिल्ह्यातलंच. खो-खोला दोन खांब आणि मोकळी जागा पुरते, म्हणून तो या भागात रुजला. पण सूर मारून मारून सोललेले गुडघे, कोपरं, आणि पुढे सांध्यांचं काय होतं, गुडघा गेला तर तालुक्यात दाखवायचं कुणाला, यावर मला वाचायला फार थोडं मिळालं. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, त्या आशेवर कित्येक मुली खो-खो आणि भरती दोन्ही एकदम करतात. एकाच शरीरावर दोन सराव. ते शरीर पंचविशीत थकतं तेव्हा तिथे कुणीही वार्ताहर नसतो.

वार्ताहर म्हणताना मी तालुक्याच्या वार्ताहराला दोष देत नाही. उलट त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही. कुठल्या गावची टोळी कुठल्या कारखान्याला गेलीय, कुठल्या आशाताईचा शब्द गावात चालतो, हे त्यालाच ठाऊक. तो बहुधा मेडिकल नाही तर झेरॉक्सचं दुकान चालवतो, पेपरची एजन्सी बघतो आणि रात्री बातम्या पाठवतो. मानधन नावापुरतं, त्याचं घर चालतं ते जाहिरातींच्या कमिशनवर. आणि जाहिरात देतं कोण? ज्यांचा साखर कारखाना, ज्यांची पतसंस्था, ज्यांच्या शाळेत त्याची पोरं शिकतात, तेच. वाढदिवसाचं पूर्ण पान त्यांचंच असतं. त्याने खाड्याबद्दल लिहायचं कसं? मी लिहू शकते, कारण मी लिहून निघून जाते. त्याला दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं असतं. म्हणून माझ्या लेखात त्याचं नाव नसतं, श्रेय मात्र अर्ध्याहून अधिक त्याचं असतं, आणि मानधन आलं की त्यातला वाटा मी त्याला देते. मानधन येतं ते कधीकधी इतक्या उशिरा की तोवर पुढचा हंगाम लागलेला असतो. हेही इथे लिहून ठेवते, कारण मुक्त पत्रकारिता करू पाहणाऱ्या नव्या मुलामुलींना हे आधी माहीत असावं. एसटीचं तिकीट, मुक्काम, फोनचं बिल, सगळं आधी आपलं. त्याला दुसरा मार्ग नाही असं मात्र नाही. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळाने ग्रामीण माणसाच्या रोजच्या जगण्यावर सविस्तर लिहायला, छायाचित्रं काढायला आणि ते मराठीसकट अनेक भाषांत वाचायला जागा करून दिली.

आणि ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुकुंदराव पाटील नेवासे तालुक्यातल्या तरवडीतून ‘दीनमित्र’ काढत. १९१० साली सुरू झालेलं हे सत्यशोधक साप्ताहिक १९६७पर्यंत चाललं. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ एका खेड्यातून, खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी, त्याच्या जगण्यावर पत्र निघत होतं. शहरातून कुणीतरी येऊन आपल्याबद्दल लिहील याची वाट तरवडीने पाहिली नाही. तरवडीपासून आष्टी काही फार लांब नाही. मला वाटतं आज त्या अंतरात दहा तरी अशी पत्रं निघायला हवीत, कागदावर नसली तरी मोबाइलवर, जिथे आशाताई, भरतीचे सर, वाढे विकणारी बाई स्वतः लिहितील किंवा बोलतील. बाहेरून येणारीने मग फक्त ते दुसऱ्या जिल्ह्यांपर्यंत न्यावं.

तोवर मी जाते, आणि काय लिहायचं यापेक्षा काय गाळायचं यावर माझा जास्त वेळ जातो. दोनशे घरांच्या गावात नाव बदलून काही साधत नाही. पोरं किती, ऑपरेशन कुठल्या साली, कोयता कुठल्या कारखान्याला, एवढ्यावरून गाव बाई ओळखतं. म्हणून इथेही फडाचं गाव, मैदानाचा तालुका आणि घरातल्या काही गोष्टी मी मुद्दाम मोघम ठेवल्या आहेत. त्या माय-लेकींवर मी मोठा लेख लिहून ठेवला आहे, दोघींचा एकत्र, कुठलंही पान डोळ्यांपुढे न ठेवता. तो छापलेला नाही. आईला वाचून दाखवला तेव्हा तिने शेवटपर्यंत ऐकला, मधेच एका ठिकाणी दुरुस्ती सांगितली की ट्रॉलीची फळी मी लिहिली तेवढी रुंद नसते, आणि मग म्हणाली, “छापा ताई, पर पोरीची भरती झाल्यावर.” अकॅडमीच्या फीचे पैसे मुकादमाकडूनच उचललेले आहेत. एका संपादकांना लेख आत्ता हवाय, कारण गळीत हंगाम सुरू आहे आणि विषय ताजा आहे. मी त्यांना भरतीच्या निकालानंतर देते असं कळवलं आहे, आणि फळीची रुंदी दुरुस्त केली आहे.